एजंटला दोनशे टास्क एका फटक्यात बदलू द्यावीत का?

अर्धविराम (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात आम्ही टास्क ट्रॅकरला एक टूल जोडलं. एआय एजंट (सांगितलेलं काम स्वतः टूल वापरून करणारा एआय) टूलला एकच कॉल, म्हणजे एकच आज्ञा, करतो, त्यात हव्या तेवढ्या टास्कचे आयडी देतो आणि स्टेटस, ड्यू डेट, असाइनी (काम कोणाकडे), लेबल यांपैकी काय बदलायचं ते सांगतो. दोनशे टास्क काही सेकंदांत बदलतात. हे टूल हवं म्हणून आग्रह माझाच होता.

दुसऱ्याच आठवड्यात टीममधल्या एकाने एजंटला सांगितलं, "तीन महिने हालचाल नसलेली टास्क बंद कर." एजंटने १४३ बंद केली. नियमात न बसणारं त्यात एकही नव्हतं. पण तीसेक टास्क मुळात शांत पडून राहण्यासाठीच होती: कुणाच्या मंजुरीसाठी थांबलेली, ग्राहकाच्या उत्तराची वाट बघणारी, पुढच्या वर्षीच्या रिन्यूअलची आठवण म्हणून ठेवलेली. माणूस एकेक उघडून बंद करत बसला असता, तर पाचव्या-सहाव्या टास्कला त्याचा हात थांबला असता.

आम्ही सगळी परत उघडली, आणि खरा घोळ तिथे झाला. प्रत्येक टास्कचा "शेवटचा बदल" आजचा झाला. कोणतं काम किती दिवस पडून आहे, ही माहितीच पुसली गेली. लोकांना दोन-दोन मेल गेले ते वेगळंच.

म्हणून माझं मत: एजंटने बल्क, म्हणजे एकगठ्ठा, बदलाचा फक्त प्रस्ताव मांडावा. पूर्ण यादी माणसाने बघून होकार दिला, तरच बदल व्हावेत.

खडीसाखर

असहमत. चूक निकषात होती आणि शिक्षा टूलला देताय.

बल्क टूल काढून घेतलंत तर एजंट गप्प बसणार नाही, एका टास्कचं टूल १४३ वेळा वापरेल. सत्त्याऐंशीव्या कॉलला रेट लिमिट (ठराविक वेळात किती कॉल चालतील याची मर्यादा) लागलं की काही टास्क बंद, काही उघडी, आणि आपण कुठवर आलो होतो हे एजंटलाही धड सांगता येणार नाही. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये केलं तर सगळं होतं किंवा काहीच होत नाही. लॉगमध्ये एका बॅचचा एक क्रमांक राहतो, त्या क्रमांकावरून सगळं मागे घेता येतं. तुमच्याकडे रोलबॅक नव्हताच. तुम्ही केलात तो दुसरा बल्क बदल होता, म्हणून तारखा गेल्या. टास्कची आधीची स्थिती टाइमस्टॅम्पसकट जपून ठेवणारं अनडू असतं, तर अर्धा धागा लिहावाच लागला नसता.

आणि १४३ ओळींची यादी कोण वाचतं? पहिल्या दहा वाचतो, मग स्क्रोल, मग "मंजूर". आठवडाभरात सवय लागते.

रानवाट

खडीसाखर यांच्या शेवटच्या मुद्द्याला ठोस उदाहरण आहे. एप्रिल २०२२ मध्ये अटलासियन या सॉफ्टवेअर कंपनीच्या स्क्रिप्टने ७७५ ग्राहकांच्या ८८३ साइट डिलीट केल्या. काढायचं होतं एक जुनं ॲप, पण यादीत ॲपऐवजी साइटचे आयडी गेले होते आणि एपीआय (प्रोग्रॅमने सेवेला काम सांगायची सोय) दोन्ही प्रकारचे आयडी निमूट स्वीकारत होता. साधारण २३ मिनिटांत काम उरकलं, सगळ्या साइट परत आणायला दोन आठवडे लागले. त्या स्क्रिप्टचा रिव्ह्यू झालेला होता! एपीआयचा कोणता एंडपॉइंट (पत्ता) वापरतोय ते तपासलं गेलं, दिलेले आयडी कशाचे आहेत ते नाही.

तेव्हा माणसाचा होकार म्हणजे सुरक्षितता, हे मला पटत नाही. टूलच अडवणारं हवं. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमेझॉनच्या एस-थ्री या डेटा साठवणाऱ्या सेवेत एका कमांडला चुकीचा इनपुट गेला आणि ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले. नंतर त्यांनी टूलच बदललं: सर्व्हर सावकाश काढायचे, आणि किमान क्षमतेच्या खाली काही जाऊच द्यायचं नाही. एजंटलाही तेच लावा. एका वेळी पंचवीस टास्क, बास.

खडीसाखर

पंचवीसची मर्यादा घातली की एजंट सहा बॅच करेल. मर्यादा कॉलला नको, एका सूचनेतून होणाऱ्या एकूण बदलांना हवी.

तळटीप

तांत्रिक भर घालतो, कारण "प्रस्ताव आणि मग होकार" यात एक भोक आहे. यादी दाखवली दहा वाजता, होकार आला साडेदहाला. मधल्या अर्ध्या तासात कुणीतरी त्यातलं एक टास्क बदललं. आता जुन्या यादीवरचा होकार नव्या स्थितीला लागू करायचा का? एचटीटीपीत (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत) याला सोय आहे: ईटॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, घ्यायचा, बदल पाठवताना इफ-मॅच या हेडरमध्ये द्यायचा, आवृत्ती जुळली नाही तर सर्व्हर ४१२ हा नकाराचा कोड परत देतो. बल्क टूलमध्ये ही तपासणी प्रत्येक टास्कला हवी.

दुसरं, एमसीपीमध्ये (एआयला टूल जोडण्याच्या मानकात) टूलवर "हे विध्वंसक आहे" अशी खूण करता येते. ती नुसती सूचना आहे, कुलूप नाही. सर्व्हर विश्वासातला नसेल तर क्लायंटने त्या खुणेवर विसंबू नये, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. खूण लावली म्हणून निर्धास्त राहू नका.

मंजिरी_क

मी प्रोग्रॅमर नाही, कामांचं समन्वयन करते. तुम्ही सगळे टास्कला डेटाबेसमधली ओळ समजून बोलताय. ड्यू डेट म्हणजे कुणीतरी कुणाला दिलेला शब्द असतो. "शुक्रवारपर्यंत देते" असं मी म्हणते, समोरची व्यक्ती त्यावर आपला आठवडा आखते. एजंटने चाळीस तारखा एक आठवडा पुढे ढकलल्या, तर चाळीस शब्द न बोलताच मोडले. अनडू केल्यावर तारीख परत येते हो, पण मेल वाचून ज्याने दुसरं काम हातात घेतलं त्याचा दिवस परत येत नाही.

लेबल बदला, डुप्लिकेट जोडा, स्पेलिंग सुधारा, माझी काही हरकत नाही. तारीख आणि माणूस या दोन गोष्टींना, ज्याचं काम आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावू नये.

अर्धविराम

मंजिरीताई, हे मी धाग्यातच लिहायला हवं होतं. मी होकार कोणाचा हे धरलंच नव्हतं. सूचना देणाऱ्यानेच होकार दिला, तर तो आपलीच चूक दुसऱ्यांदा वाचणार. मग यादी माणसागणिक तोडायची: ज्याची चार टास्क, त्याला चार ओळी. चार ओळी माणूस वाचतो. लेबलांसाठी होकाराची अट मी मागे घेतो, तिथे खडीसाखर यांचं बॅच-अनडू पुरेसं आहे.

खडीसाखर

माणसागणिक यादी चांगली आहे, पण साठ जणांपैकी सात जण रजेवर असतील. त्यांची टास्क अडकली की माझा "सगळं किंवा काहीच नाही" मुद्दा निकालात निघतो. अर्धवट बॅच चालवून घ्यायची तयारी आहे का तुमची?

मंजिरी_क

माझी आहे. रजेवरच्या माणसाचं टास्क तो येईपर्यंत जसंच्या तसं राहू दे.