बँड थिअरीआधी मॉलिक्युलर ऑर्बिटल शिकवायलाच हवेत का?

वर्धारोडवाला: नागपुरात बीएस्सीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो. सॉलिड स्टेट आलं की व्हॅलन्स बँड (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जा-पातळ्या) आणि कंडक्शन बँड (वरच्या रिकाम्या पातळ्या) असे दोन चौकोन सगळे काढतात. ते आले कुठून विचारलं की वर्ग चिडीचूप. अहो, बँड म्हणजे एमओच, अनेक अणूंवर पसरलेली मॉलिक्युलर ऑर्बिटल! लिथियमचे दोन अणू घ्या: बाहेरच्या टू-एस ऑर्बिटलपासून एक बाँडिंग (खालची, अणू जोडणारी पातळी), एक अँटीबाँडिंग (वरची, तोडणारी). चार अणूंची चार ऑर्बिटल. सगळ्यात खालच्यात एकही नोड (जिथं इलेक्ट्रॉन सापडतच नाही अशी जागा) नाही, सगळ्यात वरच्यात दर दोन शेजाऱ्यांमध्ये नोड. अणू वाढवत नेले तरी वर-खालचं अंतर एका मर्यादेपुढे वाढत नाही, मधली दाटी तेवढी वाढते. मोलभर अणूंत ६.०२२ × १०²³ पातळ्या काही इलेक्ट्रॉन-व्होल्टांत कोंबलेल्या, आणि त्यातल्या निम्म्याच भरलेल्या. म्हणून लिथियममधून वीज वाहते. एवढं आधी सांगा, मग चौकोन काढा.

शंकासुर: मग मॅग्नेशियम? थ्री-एस पूर्ण भरलेलं. तुमच्या हिशोबानं तो इन्सुलेटर (वीज न वाहू देणारा) व्हायला हवा.

वर्धारोडवाला: थ्री-पीचा रिकामा बँड पसरून त्यावर चढतो ना भाऊ. पण चौकोनवाल्या पोराला हे सुचणारच नाही.

जुना_मास्तर: उत्साह समजतो, पण पहिल्या वर्षाला हे जड जातं. त्यांना आधी पॅकिंग (अणूंची रचाई), रेडियस रेशो (आयनांच्या आकारांच्या गुणोत्तरावरून रचना ओळखणं), बॉर्न-हेबर (ऊर्जेचा टप्प्याटप्प्यानं हिशोब) नीट येऊ द्या. सोडियम क्लोराइडची लॅटिस एनर्जी (स्फटिकातले आयन सुटे करायला लागणारी ऊर्जा) सुमारे ७८७ किलोज्यूल प्रति मोल. ऑर्बिटलचं नावही न घेता, निव्वळ चार्ज आणि अंतरावरून बॉर्न-लांडे समीकरण पाच टक्क्यांच्या आत पोचवतं. मग कशाला हा खटाटोप?

वर्धारोडवाला: मिठाला चालेल सर. भरलेल्या आणि रिकाम्या बँडमधली फट बघा: हिरा ५.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, सिलिकॉन १.१, जर्मेनियम ०.६७, हा उतार चार्जवरून कसा सांगाल? रचना तिघांची एकच. बाँड लांबतो, ओव्हरलॅप (शेजारच्या ऑर्बिटलांचं एकमेकांवर येणं) घटतो, बाँडिंग-अँटीबाँडिंगमधली फट आवळते. एका वाक्यात काम झालं.

फिजिक्सवाली: भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉखनं १९२८ मध्येच आख्ख्या स्फटिकाचं गणित मांडलं. सोडियमसारख्या धातूत मोकळ्या इलेक्ट्रॉनपासून सुरुवात केली तरी बँडपाशीच पोचता. केमिस्ट्रीवाल्यांना अणू सोडवत नाही, एवढंच!

शंकासुर: आणि मँगनीजचं काय? मनसरच्या खाणी इथून हाकेच्या अंतरावर, तर मँगनीज ऑक्साइडच घ्या, एमएनओ. मँगनीजच्या डी ऑर्बिटलांत पाच इलेक्ट्रॉन, जागा दहा. बँड अर्धा भरलेला, तरी पदार्थ इन्सुलेटर. काऊन बाप्पा?

वर्धारोडवाला: हा प्रश्न झकास. डी ऑर्बिटल आखूड, ओव्हरलॅप कमी, बँड अरुंद. एका अणूवर आणखी एक इलेक्ट्रॉन बसवायचा तर रिपल्शनपोटी (इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात म्हणून) जी किंमत पडते ती बँडच्या रुंदीपेक्षा मोठी. म्हणून इलेक्ट्रॉन आपापल्या जागी. भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉटचं नाव यासाठीच घेतात. पण हीच पंचाईत एच-टूमध्येही, म्हणजे हायड्रोजनच्या रेणूतही आहे! दोन हायड्रोजन लांब ओढत न्या. साधी एमओ सांगते की निम्म्या वेळा दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच अणूवर. प्रत्यक्षात दोन तटस्थ अणू सुटतात. ज्याला हे तिथं दिसलं त्याला एमएनओ चमत्कार वाटत नाही. ब्लॉखपासून सुरुवात केली तर हे कुठं दाखवाल, मॅडम?

फिजिक्सवाली: एमएससीत.

जुना_मास्तर: तेच म्हणतोय मी. तुम्ही एच-टू ओढत बसाल, तोवर माझी युनिट टेस्ट येईल. पेपरात अजूनही रेडियस रेशोच विचारतात.

वर्धारोडवाला: रेडियस रेशो तर निम्म्या अल्कली हॅलाइडांनाही (मिठासारख्या क्षारांना) धड लागू पडत नाही सर. त्यावर वेगळा धागा काढतो.