पावसाळ्यात कोकण रेल्वे अडकली तर वयस्कर आईबाबांना घेऊन काय करायचं?

डोंबिवलीकर:
ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन कुडाळला जायचंय. काकांचं वर्षश्राद्ध आहे, त्यामुळे तारीख पुढे-मागे होणार नाही. ठाण्याहून रात्रीच्या गाडीचं स्लीपरचं तिकीट कन्फर्म आहे. बाबांना दोन वेळा इन्सुलिन लागतं. आईचे गुडघे पार गेलेत, स्टेशनचा जिनासुद्धा जमत नाही. दरडीच्या बातम्या वाचून आई म्हणते नकोच, बाबा म्हणतात काही झालं तरी जाणार. गाडी मध्येच थांबली तर उतरून एसटी किंवा खासगी गाडी बघायची, की बसून राहायचं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.

कोकणवारी:
ताई, मी रत्नागिरीचा, नोकरी पनवेलला. पावसाळ्यातही याच मार्गाने ये-जा असते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर गाडी कशामुळे थांबली आणि कुठे थांबली, यावर आहे.

वीर स्टेशनच्या पुढे एकेरी मार्ग आहे. समोरची गाडी येईपर्यंत आपल्याला स्टेशनात थांबवतात. एकदा गाडी मागे पडली की पुढची सगळी क्रॉसिंगं बिघडतात आणि तासाचे दोन-तीन तास होतात. त्यात पाऊस इतका कोसळला की समोरचं दिसेना, तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणतात. या उशिरात फक्त बसून राहायचं. आईंना घेऊन उतरायचा विचारसुद्धा करू नका.

दरडीचं तसं नाही. १४ जुलै २०२४ ला खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी माती रुळावर आली आणि मार्ग जवळपास दिवसभर बंद राहिला. त्या संध्याकाळी मी चिपळूणला थांबलेल्या एका गाडीत होतो. सुरुवातीला सगळे म्हणत होते, अर्ध्या तासात सुटेल. आमच्या डब्यातलं एक कुटुंब भर पावसात बॅगा घेऊन हायवेकडे गेलं. बरोबर आजी होत्या. रिक्षा नाही, एसटी येईल तर भरलेली. थोड्या वेळाने सगळे निथळत परत आले आणि आजींना बसल्या जागी हुडहुडी भरली. आम्ही पडद्यासारख्या दोन चादरी धरल्या, सुनेने त्यांना कोरडं लुगडं नेसवलं. पुढे अडकलेल्या प्रवाशांसाठी एसटी गाड्यांची सोय झालीच.

म्हणून सांगतो, विन्हेरे, कळंबणी, उक्शी, भोके अशा लहान स्टेशनांत गाडी थांबली तर अजिबात उतरू नका. रात्री बाहेर वाहन मिळत नाही आणि डब्यात निदान डोक्यावर छप्पर आणि पाठ टेकायला बर्थ असतो. उतरायचंच झालं तर खेड, चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवलीला, आणि तेही उजेडी. पुढचा हायवे सुरू आहे ना, हे आधी विचारून घ्या. रुळावर माती येते तेव्हा घाटातल्या रस्त्यावरही येते.

आता बाबांचं. इन्सुलिन आणि ग्लुकोमीटर खांद्याच्या पिशवीत ठेवा, सीटखालच्या बॅगेत नको. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी बजावलं होतं की जेवण हातात आल्याशिवाय जेवणाआधीचा डोस घ्यायचा नाही. गाडी 'आता पोचेलच' म्हणून डोस घेतला आणि गाडी तिथेच उभी राहिली तर साखर खाली जाते. तुमच्या डॉक्टरांना हेच नीट विचारून ठेवा. इन्सुलिनचं पेन किती दिवस फ्रिजबाहेर चालतं, तेही विचारा. पिशवीत ग्लुकोजची पुडी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी असू द्या. गाडी थांबल्या थांबल्या पाण्याच्या बाटल्या भरून घ्या. काही तासांनी डब्यातल्या टाकीचं पाणी संपतं आणि मग आईंचे सगळ्यात जास्त हाल होतात.

मिरजवाला:
वरच्यांचं पटलं. एक भर घालतो. मार्ग बंद झाला की काही गाड्या लोणावळा, पुणे, मिरज, बेळगाव, लोंडा करत मडगावला वळवतात. २०२४ मध्येही असंच केलं होतं. तुमच्यासाठी हे उशिरापेक्षा वाईट, कारण कुडाळ वाटेत येतच नाही. घरून निघण्यापूर्वी १३९ वर फोन करून गाडी कोणत्या मार्गाने जाणार ते विचारा. नुसती 'वेळेवर आहे का' एवढी चौकशी पुरत नाही.

डोंबिवलीकर:
दोघांचेही मनापासून आभार. वळवलेल्या गाडीत बसून मिरजेला उतरावं का? आणि ठाण्यालाच गाडी चार-पाच तास उशिरा आहे असं कळलं तर पैसे परत मिळतात का?

मिरजवाला:
आईंचे गुडघे बघता नको. मिरज-कोल्हापूरहून घाट उतरून कुडाळला एसटीने जाता येतं, पण एवढ्या प्रवासानंतर पुन्हा घाटातले धक्के त्यांना सोसणार नाहीत. त्या दिवशी जाऊच नका.

पैशांचं म्हणाल तर, तुम्ही जिथून चढणार त्या स्टेशनात गाडीला तीन तासांपेक्षा जास्त उशीर असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं. पण ई-तिकीट असेल तर गाडी ठाण्याहून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज, भरायला हवा. 'उद्या निवांत भरू' म्हणालात की पैसे गेले. गाडीच रद्द झाली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर ते स्वतः जाऊन परत करावं लागतं.

कोकणवारी:
आणि ताई, शक्य असेल तर श्राद्धाच्या आदल्या दिवशी पोचाल असं नका ठरवू, दोन दिवस आधीचं तिकीट बघा. बाबांचा जीव त्या तारखेत अडकलाय. हाताशी एक दिवस जास्तीचा असला, तर गाडी अडकल्यावर ते 'चला उतरून जाऊ' म्हणून हट्ट धरणार नाहीत. आईंसाठी खालचा बर्थ मिळालाय का? नसेल तर चढल्यावर लगेच टीसींना सांगा, गाडी सुटल्यावर रिकामा खालचा बर्थ असेल तर वयस्करांना देतात.

डोंबिवलीकर:
दोन दिवस आधीचं तिकीट बघतेय, वेटिंग १२ आहे. आईला खालचा आहे, बाबांना मधला. टीसींशी बोलते.