ऑफिसचा शर्ट: ४२ घेतला तर झोळ, ४० घेतला तर बटणं ताणतात

इनशर्ट_रोज:
मंडळी, ऑफिससाठी पाच-सहा फुल शर्ट घ्यायचे आहेत, रोज इन करून घालायला. बनियनवर घेतलेलं अंगाचं माप असं: गळा १५.२५ इंच, छाती ४०, बेंबीवर पोट ३८ (खुर्चीत बसल्यावर ३९.५), खांदा १७.७५, बाही २३.५. उंची ५ फूट ७ इंच.

छाती ४० म्हणून ४२ चा शर्ट घेतला, तर खांद्याची शिवण दंडावर उतरते, कॉलर सैल राहते आणि पाठीत कापडाचा झोळ होतो. ४० चा स्लिम फिट उभं असताना छान दिसतो, पण बसलं की पोटावरच्या दोन बटणांमधून बनियन दिसतं. आणि दोन्ही शर्टांत वरच्या कप्प्यातली फाईल काढायला हात वर केला की शर्ट पँटमधून बाहेर येतो.

रेडीमेड घेऊन आल्टर करावेत की लक्ष्मी रोडवरून कापड घेऊन शिवूनच घ्यावेत?

पाव_इंच:
आधी तो आकड्यांचा घोळ सोडवू. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या ब्रँडांच्या फॉर्मल शर्टावर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असं जे छापलेलं असतं, तो गळा आहे, तोही सेंटीमीटरमध्ये. छातीचे इंच नव्हेत. दोन्ही आकडे योगायोगाने जवळजवळ येतात म्हणून अर्धी दुनिया फसते. (टी-शर्ट आणि कॅज्युअल शर्टांवर मात्र कधी कधी खरोखरच छातीचे इंच असतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.)

तुमचा गळा १५.२५, त्यात अर्धा इंच सैलपणा धरा: १५.७५ इंच, म्हणजे बरोबर ४० सेंटीमीटर. तुमचा साईज ४० च. ४२ म्हणजे साडेसोळा इंच कॉलर, गळ्यापेक्षा सव्वा इंच मोठी. त्याच्याबरोबर खांदाही १९ च्या आसपास जातो, म्हणून शिवण दंडावर.

मग ४० पोटावर का ताणतो? कारण तुम्ही स्लिम घेतलात. साधारण हिशोब असा (ब्रँडागणिक इंचभर इकडेतिकडे): ४० च्या स्लिम शर्टाचा छातीचा घेर ४२ आणि पोटाचा ३९ ते ४०. तुमचं बसलेलं पोट ३९.५. म्हणजे सैलपणा शून्य, शर्ट ताणणारच. त्याच ४० मध्ये रेग्युलर फिट घ्या: छाती ४३ ते ४४, पोट ४२ च्या पुढे. बसल्यावर पोटाशी किमान अडीच-तीन इंच सुटलेले हवेत. उभ्याने आरशात बघून शर्ट घेणं हीच मूळ चूक, ऑफिसात आठ तास माणूस बसलेला असतो.

दुकानात जाताना खिशात टेप ठेवा. शर्ट काउंटरवर बटणं लावून सपाट पसरा. काखेच्या शिवणीपासून काखेच्या शिवणीपर्यंत: २१.५ ते २२ इंच हवेत. शेवटून तिसऱ्या बटणाच्या रेषेत आडवं माप: २१. मागून खांद्याच्या शिवणीपासून शिवणीपर्यंत: १८ च्या आत. तीन मापं, एक मिनिट. लेबलवर काय छापलंय ते नंतर वाचा.

ट्रायल रूममध्ये वरचं बटण लावून कॉलरमध्ये दोन बोटं घाला. सहज गेली, ओढावी लागली नाहीत, तर कॉलर बरोबर. मग बसून बघा. स्टूल नसेल तर उकिडवे बसा, लाज वाटू देऊ नका.

मुंढा_वर_घ्या:
वरचं सगळं मान्य. पण शर्ट बाहेर येण्याचं कारण साईज नाही, मुंढा आहे.

मुंढा म्हणजे जिथे बाही अंगाला जोडली जाते तो गोल. रेडीमेडवाले तो खोल कापतात, कारण खोल मुंढ्यात जाडा-बारीक कुठलाही दंड मावतो. पण मुंढा खोल गेला की बाही आणि बगल (शर्टाची बाजू) यांचा जोड काखेच्या दीड-दोन इंच खाली लोंबतो. हात वर केला की बाही त्या जोडाला वर ओढते, जोड अख्ख्या बगलेला ओढतो आणि शर्टाचा खालचा भाग पँटमधून निसटतो. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर गेला तरी बाहीच हलते, अंग जागच्या जागी राहतं. सैल शर्टात हात मोकळे राहतात असं लोकांना वाटतं, मुंढ्याच्या बाबतीत ते नेमकं उलटं आहे.

मोजायचं कसं: शर्ट सपाट ठेवून खांद्याच्या शिवणीच्या टोकापासून काखेच्या शिवणीपर्यंत सरळ टेप लावा. ४० छातीला साडेनऊ इंच उत्तम. दहापर्यंत चालेल. साडेदहा-अकरा दिसला की शर्ट परत घडी करून ठेवा, कारण हे आल्टर होत नाही. मुंढा खाली कापता येतो, वर घ्यायला कापडच शिल्लक नसतं.

दुसरं कारण लांबी. इन करायच्या शर्टाची लांबी तुमच्या उंचीला ३० इंच तरी हवी, कॉलरच्या खालच्या जोडापासून मागे मोजून. बाहेर सोडून घालायचे शर्ट २८ चे असतात, ते इन केले की टिकत नाहीत. दोन्ही एकाच रॅकवर लटकलेले असतात, तेव्हा बघून घ्या.

इनशर्ट_रोज:
आत्ताच कपाटातले मोजले. ४२ चा मुंढा ११, ४० स्लिमचा १०.२५. लांबी २९. कळलं.

४० रेग्युलर घेतला आणि पाठीत थोडा झोळ राहिलाच, तर आल्टरवाल्याकडून मागे दोन डार्ट (कापड दुमडून घातलेल्या उभ्या टिपा) मारून घेऊ का? आणि ४२ चे जे दोन पडले आहेत ते लहान होतील का?

पाव_इंच:
४२ चे सोडून द्या. बाजूच्या शिवणी आत घेता येतील, पण कॉलर आणि खांदा तसेच राहतील. खांदा कमी करायचा तर बाही पूर्ण उसवून मुंढा नव्याने कापून परत लावावी लागते. मजुरी जाते आणि बाहीला चुण्या येतात.

आल्टरमध्ये काय बिनधास्त होतं ते सांगतो. काखेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंनी मिळून दोन ते तीन इंच आत. बाही कफ उसवून वर घेणं, इंचभर. त्याहून जास्त घेतली तर कफच्या वरची उघडी पट्टी आखूड होते आणि बाही दुमडायला त्रास होतो. कफचं बटण सरकवणं, हे तर घरीही होतं. सैल करणं मात्र विसरा: रेडीमेडच्या शिवणीत जेमतेम पाव इंच दाब (शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड) असतो, आणि उसवलं तरी जुन्या टिपेच्या भोकांची रेघ दिसते.

डार्टबद्दल: पाठीत अर्धा-अर्धा इंच दुमडून दोन डार्ट घेतले की घेरातून दोन इंच कमी होतात, समोरच्या भागाला धक्का लागत नाही. पोट पुढे आणि पाठ सपाट अशा अंगाला ते बरं.

मुंढा_वर_घ्या:
इथे असहमत. डार्ट कुठे घ्यायचा ते झोळ कसा पडतोय यावर ठरतं. कापड उभं लोंबत असेल, म्हणजे बगलेशी चिमटीत धरलं की झोळ जातो, तर घेर जास्त आहे. डार्ट घ्या किंवा बाजूने आत घ्या. पण बेल्टच्या वर आडव्या घड्या पडत असतील, एकावर एक, तर तो घेराचा दोष नाहीच. कंबर आत वळलेली असते, शर्टाची पाठ तिथे लांब पडते आणि गोळा होते. त्यावर डार्ट मारले की घड्या तशाच राहतात, वर शर्ट सीटवर अडकतो. तिथे पाठीची लांबी योकच्या (खांद्यामागच्या आडव्या पट्टीच्या) जोडात अर्धा इंच कमी करावी लागते, आणि हे फक्त शिवतानाच नीट होतं.

तसंच कॉलरच्या बटणापासून काखेकडे तिरप्या रेघा जात असतील तर खांदे उतरते आहेत. एकाच बाजूला असतील तर तो एक खांदा खाली आहे, उजव्या हाताने काम करणाऱ्यांचा बहुधा उजवा. टेलरला “उजवा खांदा पाव इंच उतरता, मुंढाही तेवढाच खाली” असं सांगितलं की कळतं.

पन्हा_५८:
शिवून घेणार असाल तर कापडापासून सुरू करा.

पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर तुमच्या मापाच्या फुल शर्टाला १.६० मीटर पुरतं. ३६ पन्हा असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर. चौकटी किंवा ठळक पट्टे असतील तर वीसेक सेंटीमीटर जास्त घ्या, नाहीतर खिशावर आणि पुढच्या पट्टीवर चौकटी जुळत नाहीत आणि टेलर म्हणतो “कापड कमी होतं”. पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत मंगलदास मार्केट किंवा हिंदमाता, कुठेही जा, कापड उजेडात धरून बघा: बोटं स्पष्ट दिसत असतील तर बनियनही दिसणार.

रोजच्या वापराला शंभर टक्के सुती पॉपलिन किंवा बारीक ट्विल. ट्विल जरा जड पडतं पण आरपार दिसत नाही आणि कमी चुरगळतं. पॉलिस्टर-कॉटनला इस्त्री टिकते, पण मुंबईच्या दमट हवेत लोकलने जाणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. लिनन सुंदर, पण अकरा वाजेपर्यंत त्याचा पापड होतो.

आता लोक जे हमखास विसरतात ते: कापड भिजवा. साधं पॉवरलूमचं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन टक्के सहज आटतं. तीस इंच लांबीत तो जवळजवळ एक इंच झाला, पावणेसोळाच्या कॉलरमध्ये जवळजवळ अर्धा. म्हणजे तुम्ही धरलेला सगळा सैलपणा पहिल्याच धुण्यात खलास. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, हलकी इस्त्री करून मग टेलरकडे द्या. सॅनफोराइज्ड (गिरणीतच आटवून घेतलेलं) कापड जेमतेम एक टक्का आटतं, तरी भिजवण्यात काही जात नाही.

मुंढा_वर_घ्या:
आणि टेलरकडे गेल्यावर “मापाचा शर्ट” देऊन येऊ नका. तो त्या शर्टाचे दोष इमानदारीने उतरवतो, अकरा इंचाच्या मुंढ्यासकट. अंगावर माप द्या: बनियनवर, खिशातला मोबाइल-पाकीट काढून, पोट आत न ओढता. पोटाचं माप बसूनही घ्यायला लावा.

टेलर सगळीकडे लूजिंग जास्त ठेवतो, कारण सैल शर्ट कोणी परत आणत नाही, घट्ट आणतो. म्हणून तयार शर्टाचे आकडे तुम्हीच लिहून द्या. तुमच्यासाठी: कॉलर १५.७५, खांदा १७.७५, छाती ४४, पोट ४२.५, मुंढा सरळ ९.५, लांबी ३०.५, बाही २४ (हात वाकवला की अर्धा इंच वर चढते, म्हणून मापापेक्षा अर्धा जास्त). कफ मनगटापेक्षा दोन इंच मोठा, घड्याळाच्या हाताला आणखी पाव. पाठीला मधली एक प्लेट (दुमड) नको, योकखाली दोन बाजूंना दोन घ्यायला सांगा. पाठीची हाडं तिथे असतात, मध्ये नसतात. बाजूच्या शिवणीत अर्धा इंच दाब ठेवा म्हणावं, पुढे पोट वाढलं तर उपयोगी पडेल.

बटणांच्या जागेवरही बोला. ठरावीक साडेतीन इंचांवर बटणं लावत गेलं की पोटाचा सगळ्यात पुढे आलेला भाग नेमका दोन बटणांच्या मध्ये सापडतो. एक बटण त्या जागी आधी ठरवा आणि बाकीची सव्वातीनच्या अंतराने वर-खाली मांडा.

पहिला शर्ट एकच शिवून घ्या. चिकित्सा करायची असेल तर मांजरपाटाचा, नाहीतर घेतलेल्यातल्या सगळ्यात स्वस्त कापडाचा. दोनदा धुवा, एक दिवस ऑफिसात घाला, काय खुपतंय ते लिहा. दुरुस्ती टेलरच्या वहीत तुमच्या मापासमोर लिहून घ्या, तोंडी नाही. मगच बाकीची कापडं द्या.

इनशर्ट_रोज:
हे प्रिंट काढून नेतो. एक शेवटचं: शिवलेल्या शर्टांच्या कॉलरला पाच-सहा धुण्यांनंतर फुगे येतात, ते कशाने?

पन्हा_५८:
बक्रममुळे. कॉलर ताठ राहावी म्हणून तिच्या आत चिकटणारं बक्रम, म्हणजे कडक अस्तर, घालतात. कारखान्यात ते मशीनच्या दाबाने बसतं, छोट्या दुकानात हातच्या इस्त्रीने. इस्त्री पुरेशी गरम नसली किंवा सरकवत फिरवली तर डिंक ठिपक्या-ठिपक्यांनी धरतो आणि धुताना सुटतो. दुसरं कारण न भिजवलेलं कापड: कापड आटतं, बक्रम आटत नाही. आलेला फुगा बसवायचा तर कॉलर किंचित ओली करून, वर सुती फडकं ठेवून, गरम इस्त्री एकाच जागी दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, मग उचलून पुढच्या जागी. चार धुणी टिकेल. नवीन शिवताना टेलरला न चिकटणारं, शिवून बसवायचं बक्रम घालायला सांगा. कॉलर थोडी मऊ राहते, फुगे येत नाहीत. फक्त तेही कापडाबरोबर भिजवायला हवं, तेव्हा बक्रम दोन दिवस आधीच मागून घ्या.