सक्तीची भरती आपल्याकडे नाही, मग युद्धविरोधी लेखन वाचायचं कशाला?

नीलांबरी:
शीर्षकातला प्रश्न अकरावीतल्या भाचीचा. माझं उत्तर आहे १ डिसेंबर १९६९. त्या रात्री अमेरिकेत सक्तीच्या लष्करभरतीची सोडत टीव्हीवर दाखवली. काचेच्या भांड्यात ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक जन्मतारीख. पहिली निघाली १४ सप्टेंबर. १९४४ ते १९५० मध्ये त्या तारखेला जन्मलेली मुलं व्हिएतनाम युद्धाच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे! कुणी भरतीचं कार्ड जाळलं, कुणी कॅनडा गाठला, कुणी तुरुंगात गेला, पुष्कळजण मुकाट लढायला गेले. सरकारला 'नाही' म्हटलं तर काय भोगावं लागतं, हे आपल्याच वयाच्या पोरांकडून कळतं. म्हणून वाचावं.

खडूस काका:
आपल्याकडे पोरं भरतीसाठी पहाटे उठून धावतात. साताऱ्याकडे जाऊन बघा. त्यांना नकाराचे धडे देणार? आणि हिटलरला कवितांनी अडवलं असतं का? तुमच्या अमेरिकेत कॉलेजात नाव असलं की भरती पुढे ढकलता यायची. मोर्चे कॉलेजवाल्यांचे, शवपेट्या गरिबांच्या घरी.

नीलांबरी:
शवपेट्यांचं खरंय. पण बॉक्सर मुहम्मद अली कुठे कॉलेजात होता? २८ एप्रिल १९६७, ह्यूस्टन. भरतीसाठी नाव पुकारलं, तो जागचा हलला नाही. किताब गेला, परवाने गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू होतं म्हणून तुरुंग टळला. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षं रिंगणाबाहेर गेली ती गेलीच.

भीमथडी:
ह्यूस्टनला कशाला जायचं, पवनार आहे की. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा पहिले वैयक्तिक सत्याग्रही झाले. इंग्रजांच्या युद्धाला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, एवढंच सांगितलं आणि तुरुंगात गेले. जरूर वाचा. पण पुढच्याच वर्षी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली आणि त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, हेही भाचीला सांगा. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली होती. ज्यांना वर्दीच मिळू दिली नाही, त्यांच्यापुढे वर्दी झुगारण्याचं कौतुक कोणत्या तोंडाने करायचं?

रानपाखरू:
काका, पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये ब्रिटनने लढायला नकार देणाऱ्या ३५ जणांना मृत्युदंड सुनावला, मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. तेव्हा हिटलर स्वतःच खंदकात साधा शिपाई होता! आणि हे जुनं झालं म्हणाल, तर भाची कोरियन गाणी ऐकत असेलच. बीटीएसच्या पोरांनाही लष्करी सेवा चुकली नाही. दक्षिण कोरियात २०२० पासून सदसद्विवेकाच्या कारणावरून नकार देता येतो, पण बदल्यात ३६ महिने तुरुंगात राहून काम करायचं. पायदळात १८ महिन्यांत सुटका होते.

खडूस काका:
छत्तीस महिने सोसायला तयार असलेल्या पोराला मी भित्रा म्हणणार नाही. पण १९१६ चं उत्तर १९३९ ला चालत नाही. हिटलरचं काय करायचं होतं, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.