जेआरचे भिंतीवरचे चेहरे: कल्पक कला की परक्याच्या दुःखाचं पोस्टर?

उनाडभिंत (धागाकर्ता):
आजच्या छायाचित्रकारांत सगळ्यात कल्पक कोण, असं विचारलं तर मी फ्रान्सच्या जेआरचं नाव घेईन. पठ्ठ्याला पॅरिसच्या मेट्रोत एक कॅमेरा सापडला, त्याआधी नुसती ग्राफिटी करायचा. आता काळे-पांढरे चेहरे इमारतीएवढे छापतो आणि खळ लावून भिंतीवर चिकटवतो.

२००८मध्ये रिओतल्या मोरो दा प्रोविदेन्सिया या डोंगरावरच्या वस्तीतली तीन पोरं सैनिकांनीच विरोधी टोळीच्या हवाली केली आणि ती मारली गेली. त्यानंतर जेआरने तिथल्या बायकांचे डोळे घरांच्या भिंतींवर लावले, शहराकडे रोखलेले. पण मला त्याहून आवडतं ते नैरोबीच्या किबेरातलं काम. झोपडपट्टीतून रेल्वे जाते. डब्यांवर बायकांचे डोळे, खाली उतारावरच्या पत्र्यांवर त्यांचेच नाक-ओठ. गाडी जाताना क्षणभर चेहरे पुरे होतात! छायाचित्र गॅलरीतून काढून ज्याचं त्याला परत दिलं ते याने. तुम्हाला काय वाटतं?

खडूस काका:
गॅलरीतून काढलं? अहो, त्याच मालिकेचे प्रिंट गॅलरीत विकले जातात. त्या पैशातून पुढचं काम चालतं, हे तो स्वतः सांगतो. जाहिरातवाल्या कंपन्यांचे पैसे घेत नाही, मान्य. पण डोळे त्या बाईचे आणि सही याची. तिला काय मिळालं?

गळकं छप्पर:
काका, किबेरात छप्पर मिळालं. तिथली चित्रं कागदावर नव्हती, पाणी न झिरपणाऱ्या व्हिनाइलवर होती. सुमारे २,००० चौरस मीटर छपरं झाकली. जून महिन्यात निळी ताडपत्री शोधत फिरलेल्या माणसाला याची किंमत विचारा.

खडूस काका:
मग सरळ ताडपत्र्याच वाटायच्या की!

नाक्यावरचा:
आपल्याकडे मोठ्या चेहऱ्यांचं कौतुक कशाला? प्रत्येक चौकात कुठल्या ना कुठल्या भाऊंचा वाढदिवस असतोच. जेआर एकदा पुण्यात आला तर तोच पळून जाईल. :)

धक्क्यावरची:
भाऊंचा फ्लेक्स भाऊच लावतात. २०१७च्या शेवटी ससून डॉकवर कला महोत्सव झाला, त्यात जेआरच्याच ‘इनसाइड आउट’ प्रकल्पाची पोस्टरं होती. या प्रकल्पात लोकांनी आपले फोटो पाठवायचे, पोस्टरं छापून येतात, चिकटवायची आपणच. डॉकवर कोळ्यांचे चेहरे लागले होते. १८७५ सालचा धक्का, मुंबई तिथली मासळी रोज खाते, पण ती आणणाऱ्याचं तोंड कुणी पाहिलंय?

तरी एक खुपलंच. कोळंबी सोलणाऱ्या बायका तिथेच बसलेल्या, आणि पाहुणे नाकाला रुमाल लावून त्यांच्या पोस्टरपुढे सेल्फी काढत होते. यात दोष पोस्टरचा नाही, असं माझं मत.

खडूस काका:
दोष पोस्टरचाच. ते पाहुण्यांसाठीच लावलेलं असतं.

उनाडभिंत:
काका, लाद्ज लीचं काय? पॅरिसजवळच्या माँफेर्मेयच्या वस्तीतला पोरगा. २००४मध्ये जेआरने त्याचा फोटो काढला, हातातला व्हिडिओ कॅमेरा बंदुकीसारखा धरलेला. लोकांना आधी बंदूकच दिसते. २०१९मध्ये त्याच पोराच्या चित्रपटाला कान महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं.

खडूस काका:
अरे, ते तर माझ्या बाजूचं उदाहरण झालं. ली आपल्या मित्रांबरोबर आधीपासूनच स्वतःच्या वस्तीचं चित्रण करत होता. जेआरने त्याला कॅमेरा दिला नाही. प्रोविदेन्सियातही तेच. तिथे जन्मलेला माउरिसियो ओरा हा छायाचित्रकार त्या डोंगराचे फोटो काढत आलाय, आणि वस्तीतलं ‘कासा अमारेला’ हे कलाकेंद्र त्याने आणि जेआरने मिळून उभं केलं. धागा मात्र तुम्ही कुणावर काढलात?

उनाडभिंत:
ओरापर्यंत मी पोचलो तो जेआरमुळेच, काका.

खडूस काका:
मग पुढचा धागा ओरावर काढा. त्यात जेआरचं नाव तिसऱ्या परिच्छेदात आलं तरी चालेल.