ट्रॅव्हलरांच्या घरांविरुद्धच्या अर्जावर सही करायची का?

मेघा_गॉलवे
नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये गॉलवे काउंटीतल्या एका लहान गावात आम्ही राहतो. मी नर्स आहे. मागच्या वर्षीच घर घेतलं. आता आमच्या वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ज फिरतोय. मागच्या शेतात कौन्सिल ट्रॅव्हलर (इथला पूर्वापार फिरस्ता समाज) कुटुंबांसाठी सहा घरं बांधणार आहे, त्याला हरकत. काल शेजारच्या काकू कागद घेऊन दारात उभ्या. आम्ही राहायला आलो त्या दिवशी गरम ॲपल टार्ट आणून देणाऱ्या याच. "नवऱ्याशी बोलून सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

ट्रॅव्हलर लोक मला फक्त वॉर्डात भेटलेत. एका म्हाताऱ्या बाईंना बघायला चौदा जण आले होते, नियम दोघांचा. सगळा स्टाफ वैतागला. मला मात्र आमच्या आजीचं ऑपरेशन आठवलं, आख्खी भावकी कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकून बसली होती.

घरांचे भाव पडतील म्हणतात. सही नाही केली तर शेजारात वाईटपणा. काय करू?

लिमरिककर
मी असतो तर केली असती. आमच्या इथे रस्त्याकडेला पाच महिने ट्रॅव्हलरांच्या कॅराव्हॅन (चाकांवरची घरं) होत्या. रात्रभर जनरेटर, कचऱ्याचा ढीग, हिरवळीवर घोडे. यात वंशद्वेष वगैरे काही नाही, साधा त्रास आहे.

जुना_डब्लिनकर
लिमरिककर, त्रास खराच, नाही म्हणत नाही. पण जनरेटर होता कारण तिथे वीज नव्हती. आणि माणसं रस्त्याकडेला होती कारण मंजूर जागा अशाच अर्जांनी अडतात. १९९८च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक कौन्सिलला ट्रॅव्हलरांच्या घरांचा पाच वर्षांचा आराखडा करावाच लागतो. आराखडे होतात. जागा ठरवायची वेळ आली की नगरसेवक मतदारांच्या तोंडाकडे बघतात. वर २००२च्या कायद्याने दुसऱ्याच्या जागेत कॅराव्हॅन लावणं गुन्हा. द्यायचंही नाही आणि थांबूही द्यायचं नाही.

मेघा, तू इथे नवीन आहेस म्हणून सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये डब्लिनच्या कॅरिकमाइन्सला हॉल्टिंग साइटवर, म्हणजे ट्रॅव्हलरांच्या कॅराव्हॅनसाठी ठरवलेल्या जागेवर, आग लागली. दहा माणसं गेली, त्यात पाच मुलं. वाचलेल्यांसाठी कौन्सिलने जवळच तात्पुरती जागा काढली, तर तिथल्या रहिवाशांनी गाड्या आडव्या लावून काम रोखलं. शेवटी त्या कुटुंबांना एका कार पार्कमध्ये ठेवलं. अडवणारे काही गुंड नव्हते. तुझ्या काकूंसारखेच असणार, टार्ट करणारे.

मेघा_गॉलवे
हे माहीत नव्हतं. एक विचारू का काका? फिरस्ते आहेत तर पक्की घरं कशाला?

जुना_डब्लिनकर
सगळ्यांना नकोच असतात. काहींना कॅराव्हॅन आणि ती लावायला हक्काचा ओटा हवा असतो. पूर्वी ही माणसं डबे-बादल्या झाळून द्यायची, शेतात हंगामी काम करायची, घोड्यांचा व्यवहार करायची. आपल्याकडच्या कल्हईवाल्यासारखी गावं त्यांची वाट बघायची. प्लास्टिक आलं, धंदा बसला. १९६३च्या सरकारी आयोगाने तर त्यांचं भटकणं हाच 'प्रश्न' ठरवला. स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता मिळाली ती थेट १ मार्च २०१७ला. आणि हो, 'टिंकर' हा शब्द चुकूनही तोंडातून काढू नकोस, शिवी आहे ती.

तू नर्स आहेस म्हणून आणखी एक. २०१०च्या आरोग्य पाहणीत ट्रॅव्हलर पुरुषाचं सरासरी आयुष्य बाकीच्या पुरुषांपेक्षा १५ वर्षांनी कमी निघालं होतं.

कॉर्कची_सुमन
मी एवढंच सांगते. मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या वर्गातल्या एका ट्रॅव्हलर मुलीला बोलावलं होतं. आईने मुलीला दारात सोडलं आणि स्वतः पाऊण तास गाडीत बसून राहिली. मी जाऊन आत चला म्हटलं, तर विचारते, "नक्की ना?" मग आली, आणि सगळ्यांत शेवटी गेली. माझ्या बटाटेवड्याची रेसिपी घेऊन.

लिमरिककर
हे सगळं ठीक आहे सुमनताई, पण सहा महिन्यांनी भाव पडला तर कर्जाचे हप्ते मेघाताईच भरणार.

मेघा_गॉलवे
अपडेट. सही नाही केली. त्याऐवजी कौन्सिलला लिहिलं की घरं बांधा, पण तिथला रस्ता अरुंद आहे, आधी फूटपाथ करा. काकूंना दारातच सांगितलं. "ग्रँड, ग्रँड" म्हणाल्या, म्हणजे इथलं "बरं, बरं". आज सकाळी कचऱ्याचे डबे बाहेर काढताना दोघी समोरासमोर आलो. रोज पावसापाण्याचं बोलतात. आज नाही बोलल्या.