क्युम्युलोनिंबसला मराठीत काय म्हणायचं?

ऐरणमाथा
एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनच्या सुमारास कात्रज, दिवेघाटाच्या अंगाला फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे ढग चढायला लागले, की बातम्यांत ठरलेलं वाक्य येतं: 'पुण्यावर क्युम्युलोनिंबस ढगांची दाटी'. आपल्याकडे 'गर्जन्मेघ' हा नेटका शब्द असताना हे कशाला? गर्जत् + मेघ. 'तन्मय'मध्ये त् चा न् होतो तोच संधी. ऐकता क्षणी अर्थ कळतो. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, 'सिमला ऑफिस' हे नाव अजून चालतंय. त्याच शहरात ढगाला मराठी नाव चालू नये?

राशिमेघ
मराठी नाव हवंच, पण हे नको. ढग आवाजावरून नाही, माथ्यावरून ओळखतात. ल्यूक हॉवर्ड या इंग्रज हवामान अभ्यासकाने १८०३ मध्ये ढगांची नावं छापली तेव्हा क्युम्युलस म्हणजे रास आणि निंबस म्हणजे पावसाचा ढग, असा हिशोब होता. जोडनाव १८८० मध्ये वाइलबाखने दिलं. त्याला सरळ प्रतिशब्द 'राशिवर्षामेघ'.

खरी खूण बघा. ढग चढत असताना त्याच्या कडा कातरल्यासारख्या स्वच्छ दिसतात, कारण कडेचे पाण्याचे थेंब कोरड्या हवेत मिसळले की लगेच विरतात. आपल्याकडे मेमध्ये साधारण पाच किलोमीटरवर तापमान शून्याला येतं, पण थेंब तिथे लगेच गोठत नाहीत. उणे ३८च्या आसपासपर्यंत काही थेंब पाणीच राहतात. माथा बर्फाचा झाला की कडा पिंजलेल्या कापसासारखी होते, कारण बर्फाचे कण सावकाश विरतात. ही कडा धूसर झाली की तो क्युम्युलोनिंबस, मग गडगडो वा न गडगडो. पुढे सोळा-सतरा किलोमीटरच्या आसपास वर जायला वाव उरत नाही आणि माथा आडवा पसरतो. तीच ऐरण.

ऐरणमाथा
माथा दिसला तर! रात्री काय करणार? किंवा खाली सपाट ढगांचा थर असला तर? निरीक्षकांचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे: इतर खुणांवरून ठरत नसेल तेव्हा वीज, गडगडाट किंवा गारा असल्या तर क्युम्युलोनिंबस लिहायचा. म्हणजे अडलं की गर्जनाच कामी येते.

राशिमेघ
अडल्यावरचा नियम आहे तो, व्याख्या नव्हे.

लोहगाव_धावपट्टी
विमानतळावर दोघांचंही कुणी ऐकत नाही, तिथे 'सीबी' म्हणतात. विमानतळाच्या हवामान संदेशात बाकी ढगांची फक्त व्याप्ती आणि पायथ्याची उंची जाते. नावानिशी दोनच: सीबी आणि त्याचा धाकटा भाऊ टीसीयू (टॉवरिंग क्युम्युलस), म्हणजे उंच चढलेला पण माथा न गोठलेला. वैमानिकाला तेवढं पुरतं. सीबीखालून कोसळणारी गार हवा जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. उतरताना आधी समोरचा वारा मिळतो आणि काही सेकंदांत तोच मागून लागतो. विमानाची उचल नेमकी जमिनीजवळ कमी होते.

मूठभर_आभाळ
शब्द कोणताही घ्या, पण उंची मोजायला शिका. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे साधारण १० अंश. पर्वतीवरून पूर्वेला बघताना ढगाचा माथा क्षितिजाच्या एक मूठ वर असेल आणि दामिनी ॲपवर विजा दौंडकडे, म्हणजे सुमारे ७५ किलोमीटरवर दिसत असतील, तर माथ्याची उंची ७५ × ०.१७६ (१० अंशांचा टॅन) = सव्वातेरा किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईचे जवळपास अर्धा किलोमीटर वर मिळवा. चूक होते ती ऐरणीमुळे. ती तुमच्या दिशेने पसरली असेल तर तिची कडा ७५ नाही, ५० किलोमीटरवर असते आणि कोन फुगतो. म्हणून सगळ्यात जाड, उभ्या भागाच्या माथ्यावर मूठ धरा.

बांधावरून
राशि, गर्जन् वगैरे पुस्तकात ठेवा. 'वळवाचा ढग' म्हणा, तालुक्यात सगळ्यांना कळेल.

राशिमेघ
वळीव हा उन्हाळ्यातला पाऊस, ढगाचा प्रकार नव्हे. ४ ऑक्टोबर २०१० ला शिवाजीनगरला १८० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तो असल्याच ढगांचा. त्याला वळीव म्हणाल? उलट जुलैत दिवसभर भुरभुर लागते, पण पुण्यात गडगडाट क्वचितच, कारण ते ढग बुटके असतात.

बांधावरून
ऑक्टोबरच्या पावसाला परतीचा म्हणतात, माहीत आहे. पण ढग तोच ना? आणि 'राशिवर्षामेघ येतोय, शेळ्या आत घ्या' असं कोण ओरडणार आहे?

ऐरणमाथा
'गर्जन्मेघ येतोय' असं ओरडता येतं. फक्त बातम्यांत 'गर्जनमेघ' छापतात ते खटकतं.

राशिमेघ
गर्जन + मेघ असा समासही बरोबरच आहे, उगाच लाल रेघ मारू नका. मला दुसरीच अडचण दिसते. धावपट्टीवाल्यांनी सांगितलेला धाकटा, न गोठलेला ढग गडगडत नाही, पण तासाभरात थोरला होऊ शकतो. थोरल्याला गर्जन्मेघ म्हटलं तर धाकट्याला काय म्हणणार? 'चढता राशिमेघ' म्हटलं तर दोघांचं नातं नावातच राहतं. तुमच्याकडे काही आहे का?

ऐरणमाथा
'मनोरा'.

लोहगाव_धावपट्टी
टीसीयूतला टी तोच.